बाथरूमच्या कडीबद्दल

या घरात बाथरूमला आतून कडी नाही.
नियम आहे, आणि नियमाला कारण आहे.
ते कारण ज्याच्यामुळे घडलं तो मुलगा
आता उलव्याला मोबाइल दुरुस्त करतो,
दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन येतो.
कडी काढली तेव्हाची चार भोकं
दाराला अजून आहेत.

फाइलीत नाव होतं रेणुका.
"रेणव्वा," ती म्हणाली,
आणि महिनाभर तेवढंच.
बादली भरायची, पाणी निवायचं,
ती दाराबाहेर उभी.
एके सकाळी बघते तर भोकांमध्ये
कणकेचे गोळे, बोटानं नीट दाबून बसवलेले.

गुरुवारच्या मीटिंगला मी सहसा बोलत नाही.
मी रातपाळीची, आठवी पास, करावे गावातली.
तिथं डॉक्टर, डिसिल्वा मॅडम, समितीचं पत्र.
कडी लावा. कडी नको.
बाहेरून उघडता येणारी लावा, तशी मिळते.
बाहेरून उघडते तर ती कडी कुणाची,
हे ओठांवर आलं
आणि मी चहा आणायला उठले.

अशफाकभाई टेलर बाहुल्यांसाठी
चिंध्यांची पिशवी देतात दर महिन्याला.
त्यातली एक लाल, ब्लाउजच्या अस्तराची,
मी दाराच्या मुठीला बांधली.
म्हटलं, ही दिसली की आत कुणीतरी आहे.
मग मॅडम येवोत नाहीतर वरून देव उतरो,
दार ढकलायचं नाही.
तिचा विश्वास बसला नाही. का बसावा?
म्हणून आधी मीच गेले अंघोळीला
आणि तिला बसवलं राखणीला.
बाहेर आले, तर दाराला पाठ लावून
रेणव्वा, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं.

बुधवारी मुठीला चिंधी दिसली.
पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.
मी जिन्यात मटार सोलत होते.
टरफलं पातेल्यात टाकली, दाणे कचऱ्यात.

सगळं बरं झालं असं नाही.
ती चावते. ताट भिरकावते.
शेजारच्या सोसायटीनं दोन पत्रं पाठवलीत,
रात्री किंचाळण्याचा त्रास होतो म्हणून.
होतोच. आम्हालाही होतो.
एकदा पहाटे गेट चढून ती पळाली, थेट खाडीवर.
जेट्टीवर भालूदादा जाळं सांधत होता.
त्यानं तिला धरलं नाही, हाकही मारली नाही.
मला फोन लावला, आणि मी पोचेपर्यंत
दहा हात लांब बसून
चिंबोऱ्या कशा तिरक्या चालतात
ते जाळ्याला सांगत राहिला.
मी धापा टाकत गेले तेव्हा
ती चिखलाकडे बघत होती,
खरंच तिरक्या चालतात का ते.

परवा दुपारी मला डुलकी लागली,
कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी.
वाजले असतील तीन. उठले साडेपाचला.
कुणी हाक मारली नव्हती.
इतकी सलग झोप
पोरगा पोटात असताना लागली असेल,
त्यानंतर नाही.
दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला लाल चिंधी,
आणि उंबऱ्यापाशी फरशीवर उलथनं.

गॅसवाला येऊन परत गेला होता.
तिनं त्याला आत येऊच दिलं नाही.
"मावशी आत आहे," म्हणाली म्हणे. तीन शब्द.
संध्याकाळी भात अर्धा शिजला आणि शेगडी विझली.
वीस पोरं ताटं वाजवायला लागली.
मग मी आणि डिसिल्वा मॅडम गेलो
त्याच सोसायटीत, पत्रवाल्या,
आणि तळमजल्यावरच्या सोमणबाईंनी
काही न विचारता सिलिंडर बाहेर सरकवला.

रजिस्टरात कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं: गॅसवाला आला नाही.
सोळा वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं,
तेही स्वच्छ अक्षरात,
आणि खाली सही केली.